हिरव्या गाडीची जन्मपत्रिका

आमच्या सासूबाई गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगत आल्या आहेत आणि घरातलं कुणी त्यांचं ऐकून घेत नव्हतं. "मी लगीन करून आले ती हिरव्या गाडीतनं. बार्शीहून निघालो, तुळजापूरला आईचं दर्शन घेतलं आन् दिवस बुडता उमरग्याला उतरलो. हिरवी गाडी व्हती." यावर घरातल्या पुरुषांचं उत्तर ठरलेलं, "काळी होती, आई. नंतर पांढरी केली." लग्नाचा फोटो काढून दाखवावा तर तो १९६६ सालचा कृष्णधवल. त्यात गाडी करडी, शालू करडा आणि सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकूही करडंच!

गाडी अजून आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत आहे. शेवरोले. लांबरुंद, मागं दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पत्रे वर आलेले, स्टिअरिंग डावीकडं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती चालत होती. आता चारही चाकं विटांवर, मागच्या सीटवर कांद्याची पोती आणि डिकीत एका कोंबडीनं कायमचा मुक्काम केलेला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा याच गाडीनं आम्हाला आसरा दिला होता. छताखाली झोपायची कुणाची छाती नव्हती. गाडी ढकलत अंगणात आणली आणि पुढचे दीड महिने घरातली लेकरं त्या दोन लांबलचक सीटवर झोपली. माझा मोठा मुलगा अजून सांगतो की इतकी छान झोप त्याला पुन्हा कुठं लागली नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिरांनी गाडी विकायचं काढलं. त्यांच्या मुलीला वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळाला होता आणि फीचा आकडा ऐकून सगळ्यांची झोप उडाली होती. कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याकडचा एक दलाल आला. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडलं, बॅटरीच्या उजेडात आत डोकावला, दार उघडून खांबावर काहीतरी वाचलं, आरसी बुक मागितलं आणि ओठ मुरडले.

"वैनी, ही जोडगाडी आहे," तो म्हणाला. "बघा, बॉनेटखाली एक पट्टी, तिच्यावर एक नंबर. दाराच्या खांबावर दुसरी पट्टी, तिच्यावर दुसराच. आरसीत तिसरा. इंजिन तर डिझेलचं कुठलं तरी बसवलेलं. दोन-तीन गाड्यांचे तुकडे जोडून केलेली वस्तू आहे. भंगाराच्या भावापेक्षा दहा-वीस हजार जास्त देतो, तेही भाऊंच्या शब्दाखातर."

दीर हो म्हणायच्या बेतात होते. मी म्हटलं, "भाऊजी, आठ दिवस थांबा. मला जरा बघू द्या." गाड्यांतलं मला काही कळतं असं नाही. पण शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि एका गाडीवर तीन नंबर म्हणजे तर चांगलंच कोडं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निजल्यावर मी बॉनेट उघडलं. इंजिन आणि आपले पाय यांच्या मधे जो उभा पत्रा असतो, त्यावर पोस्टकार्डाहून लहान अशी एक पट्टी रिबिटांनी ठोकलेली दिसली. तिच्यावर तेल, धूळ आणि निदान तीन रंगांची पुटं. दिरांचा मुलगा पॉलिश पेपर घेऊन धावला, त्याला मी वेळीच अडवलं. घासलं असतं तर रंगाबरोबर अक्षरंही गेली असती. घरातल्या घरात जे केलं ते असं : जुना टूथब्रश, थोडं रॉकेल, मग खोबरेल तेलाचा बोळा, आणि हे सगळं देवाच्या टाकांना लावावा तशा हलक्या हातानं. पट्टी सुटी करून धुण्याचा मोह झाला होता. नाही केली ते बरं झालं, कारण पुढं कळलं की रिबिटं काढलेली पट्टी म्हणजे संशयाला आमंत्रण. अमेरिकेत साध्या गाडीला महागाच्या गाडीची पट्टी ठोकून फसवणारे आहेत, म्हणून तिथले जाणकार आधी रिबिटं बघतात, मग आकडे.

एवढं करूनही अक्षरं दिसेनात. मग पांढरी रांगोळी चिमटीनं भुरभुरली आणि फडक्यानं वरचेवर पुसून घेतली. खोलगट भागात रांगोळी बसली आणि उठावाची अक्षरं काळीभोर वर आली! वर लिहिलं होतं 'बॉडी बाय फिशर', खाली 'स्टाइल नंबर' ५७-१०१९ डी, 'बॉडी नंबर'समोर टी हे अक्षर आणि पुढं काही आकडे, मग 'ट्रिम नंबर' (हा गंजानं पार खाल्लेला) आणि शेवटी 'पेंट नंबर' ७९७.

दाराच्या खांबावरची पट्टी गुळगुळीत होती. तिच्यावर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं केलं. कागदावर उमटलं सी ५७ टी आणि पुढं सहा आकडे. ते सहाही आकडे इथं देत नाही, पण पहिला १ होता एवढं लक्षात ठेवा.

दोन्हींचे फोटो काढून मी नणंदेच्या मुलीला पाठवले. ती मिशिगनमध्ये असते, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर, म्हणजे या गाड्यांच्या माहेरीच म्हणा ना. ती सुटीच्या दिवशी वाचनालयात जाऊन बसली, जुनी दुरुस्तीची पुस्तकं आणि रंगांचे तक्ते चाळले, तिच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गाठलं (त्यांच्याकडं अशाच दोन गाड्या आहेत), आणि रात्री फोनवर म्हणाली, "मामी, तुझ्या दलालाला सांग, दोन नंबर जुळत नाहीत ते बरोबरच आहे. ते जुळायचेच नसतात."

हे मला समजून घ्यायला दोन फोन लागले, तुम्हाला सोपं करून सांगते.

त्या काळी या कंपनीत गाडी एका ठिकाणी एका झटक्यात तयार होत नसे. खालचा सांगाडा, इंजिन, चाकं हे शेवरोलेचं काम. वरची बॉडी, म्हणजे दारं, छत, सीट, आतलं अस्तर, रंग, हे सगळं फिशर बॉडी या दुसऱ्या विभागाचं. हे फिशर म्हणजे सात भाऊ. वडील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावचे लोहार, घोडागाड्या बांधायचे. मुलांनी १९०८ मध्ये डेट्रॉइटला मोटारींच्या बॉडी बांधायचा कारखाना काढला, जनरल मोटर्सनं १९१९ मध्ये त्यातला मोठा हिस्सा आणि १९२६ मध्ये उरलेला सगळा विकत घेतला. त्यांचं चिन्ह राजेशाही घोडागाडीचं. आमच्या गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ते आहे, आणि मी इतकी वर्षं ते गणपतीच्या पालखीसारखं काहीतरी समजत होते!

बॉडी तयार झाली की फिशरवाले आपली पट्टी ठोकत : कुठल्या साली, कुठल्या घाटाची, आमच्याकडची कितवी, आत कुठलं कापड, बाहेर कुठला रंग. मग ती बॉडी शेजारच्या भागात सांगाड्यावर बसवली जाई आणि तिथं शेवरोलेवाले पूर्ण गाडीला आपला वेगळा क्रमांक देत. दोन हिशेब, दोन वह्या. बॉडीचा अनुक्रमांक आणि गाडीचा अनुक्रमांक एकच निघाला तर तो योगायोग. दलालाला हे माहीत नसेल, किंवा माहीत असेल. मला दुसऱ्याचीच शंका जास्त येते.

पण नंबर वेगळे असले तरी दोन्ही पट्ट्यांनी एकमेकींची साक्ष द्यायला हवी. तिथंच खरी गंमत आहे. खांबावरच्या पट्टीत सी म्हणजे 'बेल एअर', त्या वर्षीच्या शेवरोलेतली वरच्या दर्जाची गाडी. (सर्वांत साधीला ए, मधलीला बी.) ५७ म्हणजे १९५७ चं मॉडेल. टी म्हणजे टॅरीटाउन, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठचा कारखाना. तो १९९६ मध्ये बंद झाला. आता बॉनेटखालची पट्टी घ्या. ५७ पुन्हा तेच साल. १९ म्हणजे चार दारांची सेडान. शेवटचा डी म्हणजे बेल एअर, इथं फिशरवाल्यांची खूण वेगळी पण अर्थ तोच. आणि बॉडी नंबरच्या आधीचा टी पुन्हा टॅरीटाउन. दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वहीतून लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या, आणि साल, दर्जा, गाव सगळं एकच सांगतात. जोडगाडीत हे असं जुळून येणं कठीण.

राहिला आरसीतला तिसरा नंबर. आमच्या आरसीत सी च्या जागी जी आहे, आणि सहा आकड्यांतला पहिला ७. भाची म्हणाली, "त्या वर्षी प्रत्येक कारखान्याचे क्रमांक १००००१ पासून सुरू झाले. ७ नं सुरू व्हायचा तर एकट्या टॅरीटाउननं वर्षात सहा लाखांवर गाड्या काढायला हव्यात. सगळ्या कारखान्यांच्या मिळून त्या वर्षी सुमारे १५ लाख शेवरोले झाल्या, मग एकट्याच्या सहा लाख कुठून होणार?" मी आरसीचं पहिलं पान भिंगातून पाहिलं. ते हातानं लिहिलेलं, शाई फिकट झालेली. कुठल्याशा कार्यालयात कुण्या कारकुनानं आधीच्या कागदावरून उतरवून घेताना परदेशी वळणाचा १ पाहून त्याला ७ केलं होतं आणि सी ला शेपूट फुटून जी झाला होता. साठ वर्षं आमची गाडी कागदावर एक न जन्मलेली गाडी होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दरवेळी जुन्या कागदावरून नवा कागद झाला, दार उघडून खांबाकडं कुणी पाहिलं नाही.

सालाचंही तसंच. आरसीत १९६४ लिहिलंय, ते इथल्या नोंदणीचं साल. सासऱ्यांच्या वडिलांनी ती मुंबईत जुनी म्हणूनच घेतली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यातली ही एक, असं घरात सांगतात. स्टिअरिंग डावीकडं आहे आणि मागच्या पत्र्यावर रंगाखाली 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' ही अक्षरं अजून हाताला लागतात, त्यावरून ते खरं वाटतं.

आमच्या दिवंगत मामंजींची मात्र ठाम समजूत होती की गाडी "शिवडीची" आहे. त्यांची चूक नाही. एकेकाळी अमेरिकन गाड्या खरंच मुंबईत जुळवल्या जात. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून बंदरात उतरायचे आणि शिवडीत त्यांची शेवरोले व्हायची. पुढं आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवायला सुरुवात केली. आमच्याकडच्या जुन्या माणसांना डॉज आणि फार्गो ही नावं अजून तोंडपाठ आहेत ती यामुळं. पण देशात गाडी नुसती जुळवायची नाही तर बनवायची असं सरकारी धोरण ठरल्यावर जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये शिवडीचं काम बंद केलं. म्हणजे १९५७ ची गाडी शिवडीची असूच शकत नाही. मामंजी असते तर त्यांनी हे ऐकून घेतलं असतं का, शंकाच आहे.

त्यांच्या दुसऱ्या एका अभिमानालाही धक्का बसला. "व्ही एट इंजिन होतं, सोलापूरचा घाट म्हणजे काय, चौथ्या माणसाला कळायचं नाही," असं ते सांगायचे. (सोलापूरच्या वाटेवर घाट कुठला, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.) पण व्ही एट असेल तर खांबावरच्या क्रमांकाच्या आधी व्ही हे अक्षर येतं. आमच्यावर ते नाही, म्हणजे साधं सहा सिलिंडरचं. दीर दोन दिवस नाराज होते. इंजिन तसंही आता नाहीच. बहात्तरच्या दुष्काळात गाडी विकायला काढली होती, गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढच्या वर्षी पेट्रोल कडाडलं, तेव्हा मामंजींनी सोलापूरहून फिटर आणून जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा बहुतेक अमेरिकन गाड्यांचं हेच झालं. ते मूळ इंजिन कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. विहिरीवर बसवलं होतं असं एक चुलत दीर म्हणतात, पण ते काहीही म्हणतात.

आता किमतीचं. मला वाटलं होतं, एवढी साक्ष जुळली म्हणजे गाडी लाखमोलाची. भाचीनं तिथंही जमिनीवर आणलं. घाटाचा आकडा १९ ऐवजी ६७ असता तर गाडी उघड्या टपाची, ३७ असता तर मधला खांब नसलेली दोन दारी. त्या गाड्यांवर हौशी लोक तुटून पडतात. त्या वर्षी उघड्या टपाच्या बेल एअर पन्नास हजारांहून कमी निघाल्या. नोमॅड नावाची दोन दारांची स्टेशन वॅगन तर जेमतेम सहा हजार. चार दारांच्या बेल एअर अडीच लाखांहून जास्त. तेव्हा अमेरिकेत घरोघरी हीच असायची, बायका मुलांना शाळेत सोडायला न्यायच्या. थोडक्यात आमची गाडी संसारी आहे, मिरवणारी नाही. तरीपण इथं, आपल्या देशात, ती किती उरली असतील? शिवाय खरेपणाचा पुरावा असलेली आणि नसलेली यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

कायद्यानंही आता अशा गाड्यांना वेगळी जागा दिली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षं चालते, आणि गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यायची. आमच्या डिझेल इंजिनामुळं 'मूळ रूपात' या शब्दांवर गाडी अडेल असं दिसतंय. जो कुणी घेईल त्याला आधी त्याच जातीचं इंजिन शोधावं लागणार. पण त्या सगळ्याच्याही आधी आरसीतला नंबर दुरुस्त करून घ्यायचा, म्हणून दिरांनी अर्ज केला आहे. अर्जासोबत माझा पेन्सिलचा कागद जोडलाय. तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतः पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन तेच केलं, तेव्हा मला उगाच आपण काही शिकल्यासारखं वाटलं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमच्या पडवीत कुठली आलीय शेवरोले! खरंय. पण तुमच्या स्कूटीचं आरसी काढून बघा. चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असेल. ही पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, आज जगभर तीच. त्याआधी प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं शास्त्र, म्हणून जुन्या गाडीची पट्टी वाचायला पुस्तकं धुंडाळावी लागतात. नव्या क्रमांकात पहिली अक्षरं देश आणि कंपनीची. आपल्याकडच्या गाड्यांचा क्रमांक एम नं सुरू होतो : मारुतीचा एमए३, टाटांचा एमएटी, होंडाच्या स्कूटरचा एमई४. आणि आय, ओ, क्यू ही तीन अक्षरं त्यात कुठंही येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कारकुनानं आमच्यासारखाच घोळ घातला असणार, त्याशिवाय हा नियम सुचायचा नाही! जुनी गाडी विकत घेणार असाल तर एवढं करा : आरसीतला नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः, बोटानं एकेक अक्षर लावून ताडून पहा. नवऱ्यानं पाहिलाय, भावानं पाहिलाय, यावर राहू नका. मीही तीस वर्षं राहिलेच होते.

हे सगळं चाललं असताना सासूबाई पडवीच्या कट्ट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. एकदा मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, लग्नात तुमचं नाव बदललं, ते तुम्हाला आवडलं होतं का?" त्या हसल्या. "इच्यारलं व्हतं कुणी?" एवढंच म्हणाल्या. बार्शीच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचं नाव वेगळं, इथल्या रेशनकार्डावर वेगळं, मतदार यादीत तिसरंच. जिल्ह्याचं तर २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाडीचा क्रमांक बदलला, रंग बदलला, इंजिन बदललं, सीटचं कापड बदललं. त्या चार बोटांच्या पट्टीकडं मात्र टॅरीटाउन सोडल्यापासून कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ती तशीच राहिली.

आणि रंगाचा नंबर? तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण घरातही तो शेवटीच कळला. भाचीला १९५७ च्या रंगांचा तक्ता मिळायला पंधरा दिवस लागले. काळा रंग असता तर पट्टीवर ७९३ असायला हवा होता. ७९७ म्हणजे 'सर्फ ग्रीन'. समुद्राच्या लाटेचा फिकट हिरवा.

मी ही बातमी जेवताना सांगितली. भाऊजींचा घास हातात राहिला. माझे यजमान ताटाकडं बघत म्हणाले, "मग काळी कधी केली?" याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. बहुधा डिझेल इंजिन बसवलं तेव्हाच, एकाच खर्चात. पांढरी झाली ती एका निवडणुकीच्या प्रचारासाठी, ते मला आठवतं. यजमान तेव्हाचे लहान, त्यांना काळीच आठवायची. सासूबाईंनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांनी भात मागून घेतला, इतकंच.

रविवारी सकाळी दिरांच्या मुलानं मागच्या दाराची रबरी पट्टी सोलून काढली. तिच्याखाली रंगवाल्यांचा ब्रश कधी पोचलेला नव्हता. बोटभर रुंदीचा हिरवा रंग निघाला, पिस्त्याच्या बर्फीसारखा. आम्ही सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, बोट लावलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"ही न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्याहून उजळ व्हती."

सोलापूरच्या एका हौशी गृहस्थांनी दलालाच्या कितीतरी पट आकडा सांगितला आहे, पण नंबर दुरुस्त होऊन आल्यावरच. अर्ज अजून फिरतोय. तोवर फीचा पहिला हप्ता भाऊजींनी सोयाबीनच्या पैशातून भरला. कोंबडीला डिकीतून हलवलंय, तिचा निषेध चालू आहे.